फ्रीजच्या पाठीमागचा पाठ : कंडेन्सर स्वच्छ का ठेवायचा?



आजचा पाठ या नावाने कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. पण तो पाचवीच्या परिसर अभ्यासाशी जोडलेला आहे, सातवीच्या विज्ञानातल्या 'उष्णता' या पाठाशी जोडलेला आहे आणि आपल्या घरच्या वीजबिलाशी तर आहेच आहे. विषय आहे फ्रीजचा कंडेन्सर. म्हणजे फ्रीजच्या मागची ती काळी जाळी, किंवा दुकानातल्या फ्रीजच्या खाली लोखंडी झाकणाआड लपलेली पातळ पात्यांची कॉइल. ही कॉइल स्वच्छ ठेवली तर काय होतं आणि नाही ठेवली तर काय होतं, एवढंच आज समजून घेऊ.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

मी वर्गात काय शिकवत होते?

पाचवीला अन्न टिकवण्याच्या पद्धती शिकवताना वाळवणे, उकळणे, हवाबंद करणे, थंड करणे असे मुद्दे आपण घेतो. 'थंड करणे' या मुद्द्याखाली मी दरवर्षी फळ्यावर एक वाक्य लिहायचे : 'फ्रीज थंडी तयार करतो. थंडीत सूक्ष्मजीवांची वाढ मंदावते.' मुलं वहीत उतरवून घ्यायची. दुसरं वाक्य बरोबर आहे. पहिलं चुकीचं आहे, हे मला एका मुलीने दाखवून दिलं.

आमची शाळा वागळे इस्टेट भागातली. त्या मुलीच्या घरचं किसननगरला छोटं दूध-दह्याचं दुकान. ती उठून म्हणाली, "बाई, फ्रीज थंडी तयार करतो, तर आमच्या दुकानातल्या फ्रीजच्या खालून गरम हवा का येते?"

मी म्हटलं, "अगं, मशीन आहे ना, मशीन चाललं की गरम होतंच." ती बसली. पण उत्तर टाळल्याची टोचणी मला लागून राहिली.

पुढे मार्चमध्ये ही मुलगी रोज उशिरा यायला लागली, मग मध्येमध्ये गैरहजर. म्हणून मी दुकानात गेले. कळलं ते असं : दुकानातला काचेच्या दाराचा फ्रीज नीट थंड करत नव्हता. दही आंबट होत होतं, पनीर चिकट होत होतं. त्यामुळे सकाळी उघडल्या उघडल्या आई आणि ही दोघी मिळून माल मावशीच्या घरच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवत होत्या. दोन-तीन खेपा व्हायच्या आणि शाळेची वेळ टळायची.

तिचे वडील म्हणाले, "बाई, एक जण गॅस भरून गेला. दोन हजार घेतले. दहा दिवसांत पुन्हा तेच. आता नवीनच घ्यावा लागेल, हप्त्यावर."

शेवटी शेजारचा एक तरुण आला. आयटीआयमधून फ्रीज-एसीचा ट्रेड केलेला. त्याने गॅसचं नावही काढलं नाही. आधी प्लग काढला, खालची लोखंडी जाळी सोडवली आणि बॅटरीचा उजेड आत मारला. "दादा, हे बघा. कॉइल पूर्ण चोकअप झालीय."

पात्यांवर गोधडीच्या तुकड्यासारखा राखाडी थर बसला होता. दुकानाला लागूनच पिठाची गिरणी. उडणारं पीठ, रस्त्याची धूळ आणि पोत्यांचे तंतू हे सगळं पंख्याने आत ओढून कॉइलवर थापलं होतं. त्याने ब्रशने आणि ब्लोअरने ते साफ केलं. अर्ध्या तासाचं काम. संध्याकाळपर्यंत फ्रीज पूर्वीसारखा थंड झाला आणि चार दिवसांत मुलगी वेळेवर यायला लागली.

प्रत्येक बिघाड धुळीमुळेच होतो असं मुळीच नाही. गॅस खरंच गळतो, कॉम्प्रेसर खरंच जातो. पण सगळ्यात साधं, फुकटात तपासता येणारं कारण आधी बघायचं असतं, ते इथे कुणी बघितलंच नव्हतं. आणि मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच, त्या गरम हवेत होतं.

फ्रीज थंडी तयार करत नाही, उष्णता बाहेर नेतो

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचं वाक्य बदललं : 'फ्रीज आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. उष्णता गेली की मागे जे उरतं त्याला आपण थंड म्हणतो.'

हे मुलांना पटवायला तीन सोप्या गोष्टी पुरतात.

पहिली, माठ. माठाच्या छिद्रांतून झिरपलेलं पाणी बाहेर वाफ होऊन उडतं. वाफ व्हायला उष्णता लागते, ती माठातल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून आतलं पाणी गार होतं. हातावर सॅनिटायझर घेतल्यावर गार वाटतं तेही यामुळेच. म्हणजे द्रवाची वाफ होताना उष्णता उचलली जाते.

दुसरी, भाताच्या पातेल्याचं झाकण. वाफ झाकणाला लागली की तिचे थेंब होतात आणि झाकण चांगलंच तापतं. म्हणजे वाफेचा पुन्हा द्रव होताना तीच उष्णता बाहेर सोडली जाते.

तिसरी, सायकलचा पंप. जोरात हवा भरली की पंपाचं खालचं टोक गरम लागतं. वायू दाबला की तो तापतो.

आता हे तिन्ही एकत्र करा. झाला फ्रीज! फ्रीजच्या बंद नळीत एक खास द्रव फिरत असतो. मेकॅनिक लोक त्याला सरळ 'गॅस' म्हणतात. त्याचा उत्कलनांक फार कमी असतो. घरगुती फ्रीजमध्ये वापरला जाणारा आर-१३४ए साध्या वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो, तर आजकालच्या बहुतेक घरगुती फ्रीजमधला आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो. फ्रीजच्या आतल्या नळीत हा द्रव उकळून वाफ होतो आणि दुधाची, भाजीची उष्णता उचलतो. इथे माठाचं काम झालं. मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो आणि ती चांगलीच तापते. हे पंपाचं काम. तापलेली वाफ मागच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये येते, खोलीतल्या हवेला उष्णता देऊन टाकते आणि पुन्हा द्रव होते. हे झाकणाचं काम. मग तो द्रव एका बारीक नळीतून दाब कमी होत होत परत आत जातो, की पुन्हा पहिल्यापासून.

आता एक महत्त्वाची गोष्ट. कंडेन्सरमधून फक्त दुधाची उष्णता बाहेर येत नाही. कॉम्प्रेसर चालवायला जी वीज खर्च झाली, तीही बहुतेक सगळी उष्णता बनून याच मार्गाने बाहेर पडते. वर्गात मुलांना विचारा : "उन्हाळ्यात फ्रीजचं दार उघडं ठेवलं तर खोली गार होईल का?" बहुतेक मुलं हो म्हणतील. खरं उत्तर, खोली उलट थोडी जास्त गरम होईल. समोरून उचललेली उष्णता मागून त्याच खोलीत पडते आणि विजेची उष्णता वर बोनस!

धुळीने नेमकं बिघडतं काय?

उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. म्हणून कंडेन्सर खोलीपेक्षा गरम असावाच लागतो, नाहीतर उष्णता बाहेर पडणारच नाही. किसननगर, इंदिरानगरसारख्या भागात पत्र्याच्या छताखालची खोली एप्रिल-मेमध्ये केवढी तापते ते वेगळं सांगायला नको. फ्रीजला त्या तापलेल्या हवेतच उष्णता टाकायची असते. काम मुळातच कठीण, त्यात धूळ बसली की काय होतं?

पावसाळ्यातल्या गटाराचं उदाहरण घ्या. गटार मोकळं असलं की पाणी कमी उंचीवरूनही वाहून जातं. प्लास्टिक अडकलं की पाणी तुंबतं, पातळी वाढत जाते आणि पातळी पुरेशी वाढल्यावरच त्या फटीतून पाणी पुढे ढकललं जातं. कंडेन्सरचंही तसंच. इथे पाणी म्हणजे उष्णता आणि पातळी म्हणजे तापमान. धुळीच्या थरात हवा अडकलेली असते. गोधडी ऊब धरते ती अशाच अडकलेल्या हवेमुळे. शिवाय पात्यांमधल्या बारीक फटी बुजल्या की पंख्याची हवा आरपार जातच नाही. मग तेवढीच उष्णता बाहेर टाकण्यासाठी कंडेन्सरला आणखी तापावं लागतं.

आणि कंडेन्सर तापला की आतला दाब वाढतो. आर-१३४ए चं उदाहरण बघा. ४० अंशांना त्याची वाफ द्रव व्हायला वातावरणाच्या सुमारे १० पट दाब लागतो, ५० अंशांना सुमारे १३ पट आणि ६० अंशांना १६ पटींहून जास्त. हा सगळा दाब कॉम्प्रेसरला तयार करायचा असतो. म्हणजे आपण धूळ पुसली नाही म्हणून कॉम्प्रेसर दिवसभर चढ चढत राहतो.

मोठ्या वर्गातल्या मुलांसाठी एक हिशेब. आदर्श यंत्र धरलं तर उष्णता उचलायला लागणारी कमीत कमी वीज ही आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. आतली नळी उणे २० आणि कंडेन्सर ४० असेल तर फरक ६०. धुळीमुळे कंडेन्सर ५० वर गेला तर फरक ७०. म्हणजे तेवढ्याच थंडाव्यासाठी सुमारे १७ टक्के जास्त काम. खरं यंत्र आदर्श नसतं, त्यामुळे नेमका आकडा वेगळा येईल. पण वाढ कुठल्या दिशेने होते ते या हिशेबातून कळतं.

वीज जास्त जाते हे पहिलं नुकसान. दुसरं, थंड करायची ताकद कमी होते आणि माल खराब होतो. ५ ते ६० अंश या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून अन्नसुरक्षेत हा पट्टा धोक्याचा मानतात. दुकानातलं दही या पट्ट्यात तासन् तास राहिलं की काय होतं ते आपण वर पाहिलंच. तिसरं, कॉम्प्रेसर जास्त तापून मध्येच बंद पडू लागतो आणि असं बरेच दिवस चाललं तर तो जळू शकतो. तो बदलण्याचा खर्च इतका असतो की लोक नवीन फ्रीजच घेतात.

आपल्याच भागात हा पाठ का?

१ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची स्थापना झाली. तिचं पहिलं औद्योगिक क्षेत्र म्हणजे आपलं वागळे इस्टेट. इथून जवळच पोखरण रोडवर व्होल्टासचा कारखाना होता. १९५८ पासून गोदरेजने पलीकडे विक्रोळीत फ्रीज बनवायला सुरुवात केली. म्हणजे थंडाव्याची यंत्रं बनवण्याच्या जुन्या इतिहासाच्या शेजारीच आपण राहतो. आज इस्टेटमध्ये काचेच्या इमारतीतली आयटी पार्क आहेत आणि शेजारीच लेथ, ग्राइंडिंग, छपाई, पॅकिंगचे गाळेही आहेत.

गाळ्यात ग्राइंडिंगची बारीक धूळ आणि तेलाचा हलका फवारा हवेत असतो. वडापावच्या गाडीशेजारच्या थंड पेयांच्या फ्रीजला तळणाचा धूर मिळतो. गिरणीशेजारी पीठ, शिंप्याकडे कापसाचे तंतू, रस्त्यालगत टेम्पो-ट्रकची धूळ. एका खोलीच्या घरात तर फोडणीची वाफ आणि फ्रीजची जाळी यांत चार हातांचंही अंतर नसतं. तेलकट वाफेवर धूळ बसली की ती चिकटते, नुसती झटकून जात नाही. म्हणून पुस्तकात लिहिलेलं 'वर्षातून एकदा साफ करा' आपल्या भागात पुरत नाही.

आणि फक्त दूध-दह्याचा प्रश्न नाही. ज्या घरात मधुमेहाचा रुग्ण आहे तिथे न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. बाळांच्या लसीही आरोग्य केंद्रात २ ते ८ अंशांतच ठेवतात, त्यासाठी आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर नावाचा खास फ्रीज असतो. हा फ्रीज भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर दूर ठेवायचा, असा लस साठवणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी नियमच आहे. कारण तेच, गरम हवेला बाहेर पडायला वाट हवी. लसीच्या फ्रीजला जे लागू, ते आपल्या घरच्या फ्रीजलाही लागू.

आधी ओळखा : तुमच्या फ्रीजचा कंडेन्सर कुठे आहे?

१. मागे उघडी काळी जाळी : जुने आणि काही साधे एका दाराचे फ्रीज. ही जाळी घरच्या घरी साफ करता येते.

२. मागे जाळी दिसत नाही, पण बाजूच्या भिंती कोमट लागतात : आजकालचे बरेचसे फ्रीज. यात कंडेन्सरची नळी बाजूच्या पत्र्याच्या आत असते. कॉइल घासायची गरज नाही, पण दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते. अनेकजण हा फ्रीज कपाट आणि भिंत यांच्यात घट्ट बसवतात आणि मग 'बाजू किती गरम होतात' म्हणून घाबरतात. बाजू कोमट होणं हा बिघाड नाही, ते त्याचं कामच आहे.

३. खाली किंवा वर जाळीच्या झाकणाआड कॉइल आणि पंखा : दुकानातले काचेच्या दाराचे फ्रीज, बरेच डीप फ्रीझर. यात धूळ सगळ्यात लवकर साचते, कारण पंखा ती ओढूनच घेतो.

एसीचं घराबाहेर लावलेलं युनिट म्हणजेही कंडेन्सरच. पण ते उंचावर असतं, ते काम मेकॅनिककडूनच करून घ्या.

साफ कसं करायचं?

हे काम मोठ्यांनी करायचं आहे. मुलांनी बाजूला उभं राहून बघायचं आणि नोंद करायची.

१. बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा. कॉम्प्रेसर आणि जाळी गार व्हायला थोडा वेळ द्या.

२. फ्रीज सरळ उभा ठेवूनच पुढे ओढा. आडवा करू नका. मागे अडकवलेल्या पिशव्या, वर्तमानपत्रं, खोकी काढून टाका.

३. मऊ ब्रश घ्या. रंगकामाचा नवा, रुंद ब्रश उत्तम. जाळीच्या तारांच्या किंवा पात्यांच्या दिशेने, वरून खाली फिरवा. आडवा घासला तर पातळ पाती वाकतात आणि वाकलेल्या पात्यांतून हवा जात नाही. पात्यांच्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला.

४. सुटलेली धूळ व्हॅक्युम क्लीनरने ओढून घ्या किंवा ब्लोअरने उडवा. ब्लोअर वापरताना दुकानातला उघडा माल झाका आणि नाकाला रुमाल बांधा.

५. घरच्या फ्रीजची मागची उघडी जाळी तेलकट असेल तर साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने पुसा, मग कोरडी करा. कॉम्प्रेसर, वायर, पंख्याची मोटर यांवर पाणी जाऊ देऊ नका. रॉकेल, पेट्रोल अजिबात वापरू नका. दुकानातल्या कॉइलवर तेलाचा घट्ट थर असेल तर ते काम मेकॅनिकचं.

६. चाकू, स्क्रूड्रायव्हर, सुई काहीही आत खुपसू नका. नळीला भोक पडलं की गॅस जातो आणि आर-६००ए हा तर पेट घेणारा वायू आहे. याच कारणाने जवळ गॅस शेगडी, उदबत्ती, काडीपेटी नको.

७. फ्रीज परत ठेवताना मागे आणि बाजूला हाताचा पंजा सहज जाईल एवढी जागा सोडा. फ्रीजसोबतच्या पुस्तिकेत अंतर दिलेलं असेल तर तेच पाळा.

८. प्लग काढल्यानंतर निदान पाच मिनिटं तरी गेलेली असू द्या, मगच पुन्हा चालू करा. नळीतला दाब दोन्हीकडे सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो.

किती दिवसांनी? घरच्या उघड्या जाळीसाठी वर्षातून दोनदा, एकदा होळीच्या आसपास उन्हाळा सुरू होण्याआधी आणि एकदा दिवाळीत. दिवाळीची साफसफाई झाल्यानंतर करा हं, आधी नको! भिंती आणि माळे झाडताना उडालेली सगळी धूळ जाळीवरच जाऊन बसते. दुकानातल्या फ्रीजसाठी महिन्यातून एकदा बॅटरी मारून बघा. गिरणी, गॅरेज किंवा तळणाच्या गाडीशेजारी दुकान असेल तर पंधरा दिवसांनी. थर दिसला की साफ करा, तारखेची वाट बघू नका.

गॅस गेला की धूळ बसली?

काही ढोबळ खुणा सांगते. फ्रीज सतत चालू राहतो, मागची बाजू किंवा कॉम्प्रेसरजवळचा भाग नेहमीपेक्षा खूपच गरम लागतो, मध्येच 'टिक' आवाज होऊन मशीन बंद पडतं आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतं, दुपारी जास्त त्रास आणि रात्री बरं, अशा वेळी आधी कॉइल आणि पंखा बघा. याउलट मशीन सतत चालू आहे पण कंडेन्सर फारसा गरमच होत नाही, आत बर्फ नळीच्या एखाद्याच भागावर धरतो, तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त. निदान मेकॅनिकच करेल. पण तुम्ही त्याला एक प्रश्न नक्की विचारू शकता : "दादा, गॅस भरायच्या आधी कॉइल दाखवता का?" आणि गॅस खरंच गेला असेल तर दुसरा प्रश्न : "गळती कुठे आहे?" नळी बंद असते, गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. गळती न शोधता नुसता गॅस भरला तर तो पुन्हा जाणारच.

वर्गात आणि घरी करून पाहा

*उपक्रम १ : धुळीची गोधडी.* दोन सारख्या स्टीलच्या पेल्यांत सारखंच कोमट पाणी घ्या. एक तसाच ठेवा, दुसऱ्याला जुन्या लोकरी कापडाने गुंडाळा. दर पाच मिनिटांनी थर्मामीटरने तापमान मोजून तक्ता करा. कोणता पेला आधी गार होतो? कंडेन्सरला कोणत्या पेल्यासारखं असायला हवं? (प्रयोगशाळेचा थर्मामीटर वापरा, तापाचा नको.)

*उपक्रम २ : विजेचं गणित.* उदाहरणासाठी धरू की फ्रीजचा कॉम्प्रेसर १२० वॅटचा आहे. स्वच्छ असताना तो दिवसात ८ तास चालतो : १२० × ८ = ९६० वॅट-तास, म्हणजे ०.९६ युनिट. कॉइल तुंबल्यावर १२ तास चालला तर १२० × १२ = १४४० वॅट-तास, म्हणजे १.४४ युनिट. फरक रोज ०.४८ युनिट, ३० दिवसांत १४.४ युनिट. आता मुलांना घरच्या महावितरणच्या बिलातला युनिटचा दर बघून रुपये काढायला सांगा. दशांश अपूर्णांकाचा सराव आपोआप होतो. फ्रीजवरच्या स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तेही छापलेलं असतं, ते उतरवून आणायला सांगा.

*उपक्रम ३ : फ्रीजची पाहणी.* घरी किंवा ओळखीच्या दुकानात मोठ्यांसोबत जाऊन चार गोष्टी लिहून आणायच्या : कंडेन्सर कुठे आहे, भिंतीपासून अंतर किती, त्यावर किंवा मागे काय काय ठेवलंय, आजूबाजूला धूळ कशाची आहे. हात लावायचा नाही, फक्त बघायचं आणि विचारायचं. मागच्या वर्षी आमच्या मुलांनी आणलेल्या यादीत फ्रीजमागे झाडू, गव्हाचं पोतं, गणपतीच्या मखराचा थर्माकोल आणि एकाकडे हरवलेली प्रगतिपुस्तिका सापडली होती!

*चर्चेसाठी प्रश्न :* फ्रीजवर प्लास्टिकचं कव्हर घालून बाजू झाकल्या तर काय होईल? थंड पेयांचा फ्रीज उन्हात ठेवला तर? गरम भात तसाच फ्रीजमध्ये ठेवला तर कंडेन्सरचं काम वाढेल की कमी होईल? का?

जाता जाता

ज्या तरुणाने तो फ्रीज दुरुस्त केला त्याने शिकलेला फ्रीज-एसीचा ट्रेड हा आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. ठाण्याचं शासकीय आयटीआय आपल्या वागळे इस्टेटमध्येच आहे. आठवी-नववीच्या मुलांच्या पालकांनी एकदा तिथे जाऊन चौकशी करायला हरकत नाही. हाताने काम करणाऱ्या माणसाला 'का' माहीत असलं तर तो समोरच्याचे दोन हजार वाचवतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

आणि आपल्या शिक्षकांसाठी एक. मुलीने प्रश्न विचारला तेव्हा "मशीन आहे, गरम होतंच" एवढं बोलून मी तिला बसवलं होतं. ती बरोबर जागी बोट ठेवत होती. तिच्या घरचा फ्रीज पुढे त्याच जागी अडला. तेव्हाच "चल, गरम हवा नेमकी कुठून येते ते तुझ्या बाबांना विचारून ये" म्हटलं असतं तर ते झाकण कदाचित महिनाभर आधी उघडलं असतं. आता माझ्या वर्गात 'फ्रीज थंडी तयार करतो' हे वाक्य फळ्यावर येतं, पण त्यापुढे प्रश्नचिन्ह असतं आणि त्यावर पहिलं बोलायचा मान दुकानदारांच्या मुलांना असतो.

या आठवड्यात तुमच्या फ्रीजमागे एकदा बॅटरी मारून बघा. काय सापडलं ते जरूर कळवा. तुमच्या वर्गात हा उपक्रम घेतलात तर मुलांचे प्रश्नही लिहून पाठवा, पुढच्या पाठात त्यांची उत्तरं मिळून शोधू.